रिझर्व्ह बँक सरकारच्याच मालकीची असेल, तर तिला सरकारने आदेश का देऊ नयेत?

फोंड्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: रिझर्व्ह बँकेचे संपूर्ण भांडवल केंद्र सरकारचे आहे आणि सरकार आपण निवडून देतो, मग व्याजदर किती असावा किंवा राखीव निधीतून किती रक्कम द्यावी हे सरकारने सांगितले तर त्याला हस्तक्षेप का म्हणायचे? आणि देखरेख खरोखरच होत असेल, तर वडिलांची आयुष्यभराची ठेव ज्या अर्बन बँकेत होती, तिच्यावर निर्बंध येईपर्यंत कोणालाच काही कसे दिसले नाही?

मी गोव्यातल्या शाखांमध्ये आणि विभागीय कार्यालयात मिळून चौतीस वर्षे बँकेची नोकरी केली आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे अनुपालन विभागात होतो. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचायची, ती शाखांना समजावून द्यायची आणि तपासणी अहवालातल्या प्रत्येक त्रुटीवर उत्तर लिहायचे, हे माझे काम होते. म्हणजे रिझर्व्ह बँक मी आतून पाहिलेली नाही; तिच्या आदेशांचे पालन करणाऱ्याच्या जागेवरून पाहिलेली आहे. माझे म्हणणे त्या मर्यादेत घ्यावे.

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेले आहेत. पहिला पैशाच्या किमतीचा, म्हणजे व्याजदर, महागाई आणि राखीव निधी यांचा आहे. दुसरा बँकांवरच्या पर्यवेक्षणाचा आहे. दोन्ही ठिकाणी सरकारची देखरेख असते, पण तिचे स्वरूप वेगळे आहे आणि माझ्या मते तिच्यातल्या उणिवाही वेगळ्या आहेत. देखरेख असावी की नसावी, हा वाद कायद्याने केव्हाच मिटवलेला आहे. ती कोणत्या बाबतीत असावी, कोणत्या स्वरूपात असावी आणि तिचा हिशेब कोणासमोर मांडला जावा, हा खरा प्रश्न आहे.

आधी कायदा पाहू. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा ती खासगी भागधारकांची होती आणि तिचे भांडवल पाच कोटी रुपये होते. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या वेळी गव्हर्नरपदावर महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते, जे पुढे देशाचे अर्थमंत्रीही झाले. आज गव्हर्नर, डेप्युटी गव्हर्नर आणि केंद्रीय संचालक मंडळ या सर्वांची नेमणूक केंद्र सरकार करते. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ११ नुसार त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकारही सरकारलाच आहे. कलम ३० नुसार संपूर्ण संचालक मंडळ बरखास्त करता येते. कलम ७ तर स्पष्टच सांगते की गव्हर्नरांशी सल्लामसलत केल्यानंतर सरकारला सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटतील ते निर्देश बँकेला देता येतात. हिशेब तपासणारे लेखापरीक्षक सरकार नेमते आणि दर वर्षीचा ताळेबंद सरकारला सादर होतो. तेव्हा सरकारच्या हातात काहीच नाही, ही समजूत चुकीची आहे. कागदावर पाहिले तर सरकारच्या हातात जवळजवळ सर्व काही आहे.

आपल्या प्रश्नामागची भावना मला पटते आणि त्याला गोव्याचा इतिहासही कारण आहे. मुक्तीपूर्वी आपल्याकडच्या नोटा बांको नासिओनाल उल्त्रामारिनु छापत असे. ही लिस्बनला मुख्यालय असलेली व्यापारी बँक होती आणि वसाहतींसाठी नोटा काढण्याचा विशेषाधिकार तिला मिळालेला होता. गोव्यातल्या माणसाला तिच्या कारभाराबद्दल विचारण्याची कोणतीही सोय नव्हती. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्तीच्या तोंडावर गोवेकरांनी तिच्याकडे गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलवण्यात आले आणि ते परत यायला तीन दशके लागली. ज्यांच्या पैशाचा व्यवहार आहे, त्यांना उत्तर देण्यास बांधील नसलेली नोटा काढणारी संस्था काय करू शकते, हे आपल्या आजी-पणजींनी अनुभवलेले आहे. त्यामुळे केंद्रीय बँकेने लोकप्रतिनिधींना जाब द्यावा, ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

मग रोजचे आदेश का नकोत? कारण सरकार हे या बँकेचे मालक आहे, तसेच ते देशातले सर्वांत मोठे कर्जदारही आहे. सरकारचे कर्जरोखे विकण्याचे, त्याचे खाते सांभाळण्याचे आणि तात्पुरती उचल देण्याचे काम रिझर्व्ह बँकच करते. कर्ज घेणाऱ्यानेच व्याजदर ठरवायचा आणि कर्ज फिटले नाही तर नोटाही त्यानेच छापून घ्यायच्या, अशी व्यवस्था कोणत्याही पक्षाच्या सरकारला मोहात पाडणारी आहे. हा केवळ तर्क नाही. १९५५ पासून आपल्याकडे अशी पद्धत होती की सरकारची शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की तात्पुरत्या कोषागार हुंड्या, म्हणजे सरकारची अल्प मुदतीची कर्जपत्रे, आपोआप निर्माण होत आणि रिझर्व्ह बँक त्या घेऊन रक्कम सरकारच्या खात्यात जमा करत असे. नाव तात्पुरत्या हुंड्यांचे होते, पण त्या वर्षानुवर्षे साचत गेल्या आणि तुटीचा भार नोटांवर पडत राहिला. ती पद्धत बंद करण्याचा करार सप्टेंबर १९९४ मध्ये झाला, तेव्हा मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर होते. १ एप्रिल १९९७ पासून ती प्रत्यक्षात थांबली. सरकारने स्वतःच्या हाताने स्वतःवर घातलेले हे बंधन आहे आणि मला ते आपल्या आर्थिक इतिहासातले फार महत्त्वाचे पाऊल वाटते.

हे दिल्लीचे झाले. ज्या अनुभवातून मला हा मुद्दा खऱ्या अर्थाने उमगला, तो मात्र इथला, खाणपट्ट्यातला आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा सांगे, केपे, डिचोली आणि सत्तरी या भागांत हजारो कुटुंबांनी ट्रकांसाठी काढलेली कर्जे थकू लागली. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित ठरते, बँकेला त्यावर तरतूद करावी, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी रक्कम बाजूला ठेवावी लागते आणि कर्जदाराला नवे कर्ज मिळणे कठीण होते. ट्रकमालकांची शिष्टमंडळे आमच्याकडे येत. कुडचडेच्या एका मालकाने मला विचारलेला प्रश्न अजून आठवतो: ट्रक मी बंद केला नाही, खाण सरकारने बंद केली, मग थकबाकीदार मी कसा? त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. त्या काळात बैठकांमधून दोन मागण्या सतत ऐकू येत. एक मागणी अशी की सरकारने आपल्या तिजोरीतून या कर्जदारांना मदत करावी. दुसरी अशी की सरकारने रिझर्व्ह बँकेला सांगून नव्वद दिवसांचा नियमच या भागापुरता शिथिल करावा, म्हणजे कर्जे थकीत दिसणारच नाहीत.

वरवर पाहता दोन्ही मागण्यांचा हेतू एकच आहे, पण त्यांच्यात फार मोठा फरक आहे. राज्य सरकारने पुढे खाणग्रस्त कर्जदारांसाठी दिलासा योजना आणली, तिचा खर्च अर्थसंकल्पातून व्हायचा होता. म्हणजे तो विधानसभेसमोर येतो, त्यावर चर्चा होते, विरोधक प्रश्न विचारतात आणि पुढच्या निवडणुकीत मतदार त्याचा हिशेब घेऊ शकतात. नियम शिथिल केला असता तर खर्च झालाच असता, फक्त तो दिसला नसता. कर्जे कागदावर चांगली राहिली असती, तरतूद झाली नसती आणि तोटा हळूहळू ठेवीदारांच्या बाजूला सरकत गेला असता. ज्या ठेवीदाराला हे कधी कळलेच नाही, तो त्याविरुद्ध बोलणार कसा? म्हणून मी असे मानतो की मदत करायची असेल तर निवडून आलेल्या सरकारने ती उघडपणे आणि स्वतःच्या पैशाने करावी. संकट खरे असेल तेव्हा पुनर्गठनाची, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने ठरवून देण्याची सवलत देणे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येते आणि तिने ती अनेकदा दिलेलीही आहे. पण तो निर्णय कर्जदाराची परतफेडीची क्षमता पाहून व्हावा, कोणाच्या आग्रहामुळे होऊ नये.

इथे आग्रहाच्या स्वरूपाबद्दल सांगणे गरजेचे आहे. अनुपालन विभागात असताना मला वरिष्ठांकडून किंवा बाहेरच्या वजनदार माणसांकडून फोन येत, अमुक प्रकरणात जरा सांभाळून घ्या म्हणून. माझे उत्तर ठरलेले असे: आपण हे दोन ओळींत लिहून पाठवा, मी फाइलला लावतो. बहुतेक वेळा त्या दोन ओळी कधी आल्याच नाहीत. ज्या थोड्या वेळा आल्या, त्या वेळी मागणी सौम्य झालेली असे आणि तिच्यामागची कारणेही दिलेली असत, म्हणून तिचा विचार करता येत असे. सरकार आणि केंद्रीय बँक यांच्या संबंधांकडेही मी याच अनुभवातून पाहतो. लेखी निर्देशाची जबाबदारी निर्देश देणाऱ्यावर येते. तोंडी दबावाची जबाबदारी कोणावरच येत नाही.

कलम ७ नुसार सरकारने आजवर एकही औपचारिक निर्देश दिलेला नाही. याचा अर्थ सरकारने कधी काही सांगितलेच नाही, असा घेता येत नाही. १९५६ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी बँका रिझर्व्ह बँकेकडून उचल घेताना वापरत त्या हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले, त्यामुळे बँकांना मिळणारा पैसा प्रत्यक्षात महाग झाला. व्याजदर ठरवण्याचे जे काम रिझर्व्ह बँकेचे, ते करातून झाले. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी त्याला विरोध केला, पंतप्रधान नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नरांनी राजीनामा दिला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कलम ७ नुसार सल्लामसलत सुरू झाल्याच्या बातम्या आल्या, डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी स्वायत्ततेवर जाहीर भाषण केले आणि १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन पद सोडले. नोटबंदीच्या वेळी सरकारचे पत्र ७ नोव्हेंबर २०१६ चे होते आणि संचालक मंडळाची शिफारस दुसऱ्या दिवशीची. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती प्रक्रिया वैध ठरवली; न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र प्रस्ताव सरकारकडून आला होता, तेव्हा त्यासाठी संसदेचा कायदा हवा होता, असे वेगळे मत नोंदवले. कलम ७ चा वापर उघडपणे होणे हे त्याचा धाक बंद दाराआड दाखवला जाण्यापेक्षा चांगले, असे मला वाटते. माझे अनेक जुने सहकारी या बाबतीत माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते एकदा निर्देश दिला गेला की तो पायंडा पडेल. त्यांची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही.

व्याजदराच्या बाबतीत मात्र २०१६ नंतर आपल्याकडे बरीच चांगली रचना उभी राहिली आहे. महागाईचे उद्दिष्ट सरकार ठरवते, रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून आणि पाच वर्षांसाठी. ऑगस्ट २०१६ मध्ये ते ४ टक्के आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा असे ठरले आणि मार्च २०२१ मध्ये तेच पुढे चालू ठेवण्यात आले. ते गाठण्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो व्याजदर, किती ठेवायचा, हे सहा जणांची पतधोरण समिती मतदानाने ठरवते. त्यांतले तिघे रिझर्व्ह बँकेचे आणि तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे तज्ज्ञ असतात. मते समसमान झाली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक ठरते. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी कोणी काय मत दिले आणि का दिले, हे प्रसिद्ध होते. कुठे पोहोचायचे हे लोकप्रतिनिधींनी सांगायचे, कसे पोहोचायचे हे जाणकारांनी ठरवायचे आणि आपली कारणे नावानिशी लिहून ठेवायची, अशी ही विभागणी आहे.

या रचनेतली एक गोष्ट मला खटकते. सलग तीन तिमाही महागाई मर्यादेबाहेर राहिली तर रिझर्व्ह बँकेने कारणे आणि उपाय सांगणारा अहवाल सरकारला द्यावा, असा कायदा आहे. २०२२ मध्ये प्रथमच तशी वेळ आली, ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि अहवाल गेला, पण तो जनतेसमोर ठेवण्यात आला नाही. ज्या महागाईची झळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्रत्येकाला बसली, तिची कारणमीमांसा वाचण्याचा अधिकार फक्त अर्थ मंत्रालयाला असावा, हे मला पटत नाही. निदान ठरावीक मुदतीनंतर तो संसदेत ठेवला गेला पाहिजे.

राखीव निधीच्या बाबतीत लोकांचा मोठा गैरसमज असतो. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात दिसणाऱ्या निधीचा बराच भाग सोने आणि परकीय चलन यांच्या वाढलेल्या किमतीचा आहे. आपल्या कुळागराची, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेची बाजारातली किंमत दुप्पट झाली म्हणून आपल्या हातात पैसे आले असे होत नाही. कुळागर विकल्याशिवाय ते येत नाहीत आणि उद्या भाव उतरले तर ती वाढ नाहीशी होते. म्हणूनच बिमल जालान समितीने २०१९ मध्ये हा पुनर्मूल्यांकनाचा भाग वाटायचा नाही, असे सांगितले आणि प्रत्यक्ष कमावलेल्या निधीतून आकस्मिक जोखमीसाठी ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के राखावेत, अशी मर्यादा सुचवली. संचालक मंडळाने तळची मर्यादा निवडली, म्हणून त्या वर्षी सरकारला एकूण १,७६,०५१ कोटी रुपये गेले. २०२४-२५ साठी ही मर्यादा ४.५ ते ७.५ टक्के अशी रुंद करण्यात आली, मंडळाने या वेळी ७.५ हा वरचा आकडा स्वीकारला आणि तरीही २,६८,५९० कोटींचा अधिशेष सरकारला मिळाला. सरकारला पैसे मिळणे यात गैर काही नाही, कारण मालक तेच आहे. सूत्र आधी ठरलेले असावे आणि आकडा त्यातून निघावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. आधी आकडा ठरवून मग सूत्र शोधले, तर कायद्याची भाषा पाळूनही हेतू हरवतो.

आता आपल्या वडिलांच्या ठेवीकडे येतो. ज्या बँकेबद्दल आपण लिहिले आहे, तिचे कागद मी पाहिलेले नाहीत. सर्वसाधारणपणे सांगायचे तर सहकारी बँकांवर दोन मालक असल्यासारखी स्थिती दीर्घकाळ होती. १९६६ पासून त्यांचा बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आला, पण निवडणुका, व्यवस्थापन आणि लेखापरीक्षण राज्याच्या सहकार निबंधकांकडे राहिले. चूक एकाला दिसायची आणि ती सुधारण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असायचा. म्हापशाच्या अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगावच्या अर्बन बँकेचा २०२१ मध्ये रद्द झाला, त्यामागची कारणे निरनिराळी असतील, पण निर्बंधांच्या काळात आपलीच रक्कम मागायला रांगेत उभे राहिलेले वयस्क ठेवीदार पाहताना मला फार वाईट वाटत असे. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापन आणि लेखापरीक्षण यांबाबतचे बरेच अधिकार रिझर्व्ह बँकेकडे गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली आणि २०२१ च्या कायद्याने निर्बंध आल्यापासून साधारण नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पूर्वी बँक अवसायनात जाईपर्यंत, म्हणजे ती कायमची गुंडाळली जाईपर्यंत थांबावे लागे. सरकार आणि संसद यांनी आपले काम नीट केले की काय होते, याचे हे उदाहरण आहे: त्यांनी कोणत्या एका बँकेला वाचवा असा फोन केला नाही, कायदा बदलला.

तरीही पर्यवेक्षणाची बाजू मला दुबळी वाटते. व्याजदराच्या प्रत्येक मताची कारणे आपण वाचू शकतो. एखाद्या बँकेची तपासणी कधी झाली, त्रुटी कधी सापडल्या आणि कारवाईला किती काळ लागला, हे मात्र ठेवीदाराला सहसा कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये माहिती अधिकाराखाली तपासणी अहवाल देण्यास सांगितले होते. अहवाल लगेच उघड केल्याने चांगल्या बँकेतूनही ठेवी काढण्यासाठी धावाधाव होऊ शकते, हे मी नाकारत नाही. पण परवाना रद्द झाल्यानंतर, जेव्हा धावाधाव होण्यासारखे काही उरलेले नसते, तेव्हा तपासणीचा संपूर्ण कालक्रम प्रसिद्ध करायला कोणती हरकत आहे?

आपण करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. वडिलांच्या ठेवीची पावती, केवायसीची कागदपत्रे आणि विमा दाव्यासाठी बँकेने मागितलेले संमतिपत्र यांची पूर्तता लेखी पोच घेऊन करा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते आणि तिला शुल्क लागत नाही. दुसरी गोष्ट धोरणाची आहे. राज्य सरकारचा रिझर्व्ह बँकेवर अधिकार चालत नाही, त्यामुळे आमदारांकडे जाण्यापेक्षा गोव्याच्या खासदारांना पत्र लिहा आणि संसदेत दोन प्रश्न विचारण्याची विनंती करा: २०२२ चा महागाईविषयीचा अहवाल सभागृहासमोर कधी ठेवणार, आणि परवाना रद्द झालेल्या सहकारी बँकांच्या तपासण्यांचा कालक्रम प्रसिद्ध करणार का. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देईन.